माडाचा राखणदार

चवथीच्या बाजारात नारळाच्या राशीपुढे उभे राहून भाव विचारणारा आणि तो ऐकताच दोन पावले मागे सरणारा गृहस्थ हे २०२५ साली गोमंतकातल्या प्रत्येक पेठेत दिसलेले चित्र होते. ज्या भूमीत चुडतापासून करवंटीपर्यंत माडाचे काहीही वाया जात नाही, जिथे देवापुढे नारळ ठेवल्यावाचून शुभकार्याला आरंभ होत नाही आणि नारळाच्या रसावाचून दुपारचे जेवण जेवण वाटत नाही, त्या भूमीतल्या माणसाने परमुलखातून आलेला नारळ हातात घेऊन त्याची किंमत मनातल्या मनात दोनदा मोजावी, ही गोष्ट केवळ महागाईच्या सदरात टाकून मोकळे होण्याजोगी नाही. भाव चढण्याची कारणे अनेक आहेत. दक्षिणेतील राज्यांत उत्पन्न घटले, उन्हाळे कडक झाले, शहाळ्यांना मागणी वाढली, हे सारे खरे. परंतु या कारणांच्या यादीत एक कारण असे आहे की जे आमच्याच माडांच्या शेंड्यांवर बसलेले आहे, आणि त्याच्याविषयी काय करावे याबद्दल आमच्या बागायतदारांच्या मनात आज मोठा गोंधळ आहे. ते कारण म्हणजे कीड. त्या किडीला तोंड देण्याचा जो मार्ग आपण निवडू, त्यावर नारळाचा भावच नव्हे, तर आपल्या विहिरींचे पाणीही अवलंबून राहणार आहे.

गेल्या काही वर्षांत माडाच्या चुडतांच्या खालच्या अंगाला पांढऱ्या मेणचट धाग्यांची चक्रे दिसू लागली, आणि पाठोपाठ खालच्या पानांवर, खालच्या केळीवर, मिरवेलीवर काजळीसारखा काळा थर चढू लागला. ही चक्राकार पांढरी माशी. ती मूळची मध्य अमेरिकेतली. बेलीझमधील नमुन्यांवरून २००४ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले, २००९ मध्ये ती फ्लोरिडात पोचली आणि २०१६ साली तामिळनाडूतील पोल्लाचीच्या परिसरात व केरळात ती प्रथम आढळली. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने ती वर सरकली आणि आमच्या दारात आली. माशी पानातला रस शोषते, तिच्या अंगातून गोड चिकटा गळतो आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. माड काळवंडलेला पाहून बागायतदाराचे काळीज चरकते. तो तडक दुकानात जातो आणि म्हणतो, 'औषध द्या.'

या 'औषध' शब्दाविषयी आम्हांस थोडे थांबून बोलावयाचे आहे. विषाला औषध म्हणण्याची ही रीत आपल्या भाषेत कधी शिरली कोण जाणे. परंतु तिने फार नुकसान केले आहे. औषध म्हटले की मनुष्य निर्धास्त होतो, मात्रा वाढवायला कचरत नाही, उघड्या हातांनी डबा हाताळतो आणि रिकामा झाल्यावर तोच डबा धुऊन पाण्याला वापरतो. दुकानदाराने आणि खात्यानेही त्याला निदान 'विष' म्हणावे एवढा नियम झाला, तरी अर्धी फवारणी आपोआप थांबेल असा आमचा समज आहे.

पांढऱ्या माशीच्या बाबतीत या विषाची गंमत पाहा. माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूस मेणाच्या आवरणाखाली बसलेली असतात. माड साठ-सत्तर फूट उंच. खालून मारलेला फवारा तिथवर पोचतो तो वाऱ्याच्या मर्जीने, आणि बहुतेक भाग पोचतो तो शेजाऱ्याच्या विहिरीत, परसातल्या अळूवर आणि फवारणाऱ्याच्या फुप्फुसात. जी थोडी माशी मरते तिची जागा दोन-चार आठवड्यांत नवी माशी घेते. परंतु त्या फवाऱ्याने जो खरोखर मरतो तो मात्र परत यायला फार वेळ लावतो. तो म्हणजे एक मिलिमीटरहूनही लहान असा एक गांधीलवर्गीय कीटक. शास्त्रज्ञ त्याला एन्कार्शिया ग्वाडेलुपे म्हणतात. या इवल्या कीटकाची मादी पांढऱ्या माशीच्या पिलात आपले अंडे घालते, अंड्यातून निघालेली अळी ते पिलू आतून खाऊन टाकते आणि वाढ पुरी झाल्यावर कवचाला वाटोळे भोक पाडून नवा कीटक बाहेर पडतो. भिंगातून पाहिले तर हे भोक साध्या डोळ्यांच्या माणसालाही ओळखता येते. माशी स्वतः बाहेर पडली असेल तर कवचाला चीर जाते. राखणदार बाहेर पडला असेल तर वाटोळे भोक दिसते.

या कीटकाला कोणी मुद्दाम विमानातून आणलेले नाही. माशीच्या मागोमाग तोही आला असावा. २०१६ नंतर शास्त्रज्ञांनी बागा तपासल्या तेव्हा तो तिथे आधीच कामाला लागलेला दिसला. जिथे फवारणी झाली नव्हती अशा बागांत निम्म्याहून अधिक, काही ठिकाणी तर ऐंशी टक्क्यांपर्यंत पिल्ले त्याने निकामी केलेली आढळली. म्हणूनच कासरगोड येथील केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्था आणि बंगळूर येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरो या दोन्ही संस्थांनी एकमुखाने सांगितले की पांढऱ्या माशीवर रासायनिक विष मारू नका. खालच्या चुडतांवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, काजळीवर पातळ स्टार्च शिंपडावा म्हणजे ती वाळून पापुद्र्यासारखी सुटते, पिवळे चिकट सापळे लावावेत आणि जिथे राखणदार पोचला नसेल तिथे तो असलेल्या बागेतली चुडताची पाती नेऊन बांधावी. काजळी खाऊन पान स्वच्छ करणारा एक लहानसा भुंगेराही केरळातील शास्त्रज्ञांनी शोधून काढला आहे. बाकी काम पाऊस करतो. आपल्याकडे पावसात माशीचा जोर ओसरतो हे कोणीही बागायतदार सांगेल.

'काही करू नका' हा सल्ला देणे फार कठीण असते, आणि ऐकणे त्याहून कठीण. काही तरी केल्याचे समाधान माणसाला हवे असते. खात्यालाही हवे असते, कारण वाटलेल्या डब्यांचा आकडा अहवालात दाखवता येतो, न मारलेल्या फवाऱ्याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहावा?

येथे कोणी म्हणेल की कीटकाने कीटक मारण्याची ही कल्पना प्रयोगशाळेतल्या माणसांची आहे, शेतकऱ्याला ती कशी पचावी? वस्तुस्थिती उलट आहे. चीनमधील संत्र्या-मोसंब्यांच्या बागांत लाल मुंग्यांची घरटी विकत आणून झाडांवर टांगण्याची चाल इसवी सनाच्या चौथ्या शतकातील ग्रंथात नमूद आहे. या लाल मुंग्या आमच्या वाचकांना अपरिचित नाहीत; काजूच्या आणि आंब्याच्या झाडावर पाने शिवून घरे करणारे आणि झाडावर चढणाऱ्याची तारांबळ उडवणारे ते हुमले हेच. त्यांच्याविषयी चांगले बोलणारा मनुष्य गोव्यात मिळणे कठीण! परंतु ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात आणि आफ्रिकेतील काही देशांत झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले आहे की काजूच्या ज्या झाडावर या मुंग्यांची वसाहत जोमात असते त्या झाडाला ढेकण्याचा उपद्रव फार कमी होतो. ढेकण्या म्हणजे काजूच्या कोवळ्या पालवीचा आणि मोहोराचा रस शोषून तो करपवून टाकणारी कीड. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू आज आपल्या राज्यातील सर्वांत मोठ्या क्षेत्रावरचे पीक आहे. त्या पिकाचा फुकटचा पहारेकरी आपण राख आणि राॅकेल टाकून मारत आलो. वेचणीच्या वेळी चावणाऱ्या मुंग्यांचा त्रास खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परंतु आपल्याकडे काजूची बोंडे बहुतांशी खाली पडल्यावरच वेचली जातात, हेही लक्षात घ्यावे.

ढेकण्याचा विषय निघाला आहे, तर कासरगोडचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. याच ढेकण्याचा बंदोबस्त करण्यासाठी केरळ सरकारच्या रोपवन महामंडळाने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत, वर्षातून दोन-तीनदा, हेलिकॉप्टरमधून काजूच्या डोंगरांवर एंडोसल्फान फवारले. डोंगराच्या पायथ्याशी गावे होती, त्या गावांचे पाणी डोंगरातल्या झऱ्यांतून येत होते. एन्मकजे आणि आसपासच्या पंचायतींत जन्मतःच व्यंग असलेली मुले, मेंदूचे विकार, त्वचेचे रोग यांचे प्रमाण पाहून प्रथम तिथल्या डॉक्टरांनी, शिक्षकांनी आणि आयांनी आवाज उठवला; तज्ज्ञ समित्या मात्र वर्षानुवर्षे एकमेकींचे अहवाल खोडत बसल्या. २०११ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोम कराराखालील देशांनी हे विष जगातून हद्दपार करण्याचा निर्णय घेतला, त्याच वर्षी १३ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश केरळ सरकारला दिला. किनाऱ्याने रेल्वेने एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्या अंतरावरची ही कहाणी आहे. झाड तेच, कीड तीच, डोंगरउतार तसाच आणि पाऊसही तसाच. आणखी एक गोष्ट मनाला बोचते. ज्या कासरगोडात १९१६ पासून नारळाचे संशोधन चालले आहे आणि जिथून आज सबंध देशाला जैविक कीडनियंत्रणाचे धडे मिळतात, त्याच जिल्ह्यात हे घडले. ज्ञान एका टेकडीवर होते, हेलिकॉप्टर दुसऱ्या टेकडीवर.

माडाचा याहून जुना वैरी म्हणजे गेंड्या भुंगा. पांढरी माशी माडाला हैराण करते, पण सहसा मारत नाही. गेंड्या भुंगा लहान माडाचा जीव घेतो. शेंड्यातली न उमललेली पाने तो कुरतडतो, आणि पान उमलले की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी तुकडे गेलेले दिसतात. त्याने पाडलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत शिरतो आणि मग भला थोरला माड उभ्याउभ्या कोसळतो. पूर्वी पाडेली वर चढला की शेंडा साफ करी, भोकात लोखंडी हूक घालून भुंगा ओढून काढी. आता पाडेलीच मिळत नाही, तर हूक कोण घालणार? मग कोणी सांगतो, मुळांवाटे विष पाजा. ते पाजल्यावर दीड महिना नारळ काढू नयेत असा दंडक असतो. तो दंडक कितीजण पाळतात, हे प्रश्न विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही ठाऊक आहे.

या भुंग्याच्या पाठीमागे शास्त्रज्ञांनी जे दोन रोग लावले त्यांची हकिगत मोठी उद्बोधक आहे. पहिला रोग हिरव्या बुरशीचा. ही बुरशी १८७९ साली रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव यांनी गव्हावरील भुंगेऱ्याच्या अळ्यांवर अभ्यासली. पुढे १९०८ साली शरीराच्या रोगप्रतिकाराच्या संशोधनाबद्दल ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले तेच हे मेचनिकोव. शेणखताच्या खड्ड्यात वाढणाऱ्या गेंड्या भुंग्याच्या अळ्यांवर ती सोडली की अळ्या आधी ताठ होतात आणि मग त्यांच्या अंगावर हिरवी पूड चढते. तिला दमट हवा लागते, आणि ती आपल्याकडे मुबलक आहे. अर्धवट शिजवलेल्या तांदळावरही तिची वाढ करता येते. केरळातील काही पंचायतींत बायकांच्या गटांनी हे काम घरगुती पातळीवर केले, आणि पंचायतीच्या हद्दीतील यच्चयावत शेणखळ्यांत आणि खतखड्ड्यांत ती एकाच वेळी टाकली. तिथे भुंग्याचा उपद्रव लक्षणीय घटला.

दुसरा रोग विषाणूचा. पॅसिफिक महासागरातील सामोआ बेटांवर १९०९ च्या सुमारास सिलोनमधून आणलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा पोचला आणि त्याने तिथले माड उद्ध्वस्त करण्यास प्रारंभ केला. पन्नासहून अधिक वर्षे नाना उपाय झाले. १९६३ साली ह्यूगर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाला मलायात आजारी अळ्यांमध्ये एक विषाणू सापडला. १९६७ साली तो सामोआत सोडण्यात आला. आजारी भुंगा खाणे कमी करतो, अंडी घालत नाही, परंतु मरेपर्यंत उडत राहतो आणि जिथे जातो तिथे रोग पसरवतो. शत्रूच शत्रूच्या घरी मृत्यू पोचवतो! थोड्याच वर्षांत बेटांवरील भुंगे आटोक्यात आले. आपल्या देशात १९८० च्या दशकात लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर हाच प्रयोग झाला आणि त्यालाही यश आले.

परंतु आम्ही येथे भक्तिभावाने बोलत नाही. निसर्ग हा कोणाचा नोकर नव्हे, हे याच शास्त्राच्या इतिहासाने वारंवार दाखवले आहे. २००७ साली ग्वाम बेटावर गेंड्या भुंग्याचा असा वंश आढळला की ज्याच्यावर नेहमीच्या विषाणूची मात्रा चालेना. पांढऱ्या माशीच्या पाठोपाठ आपल्या किनाऱ्यावर तिच्या आणखी एक-दोन परदेशी बहिणी आल्या आहेत आणि त्यांना आवरण्यास हाच राखणदार पुरा पडत नाही. १९३५ साली ऑस्ट्रेलियात उसावरील भुंगेरे खाण्यासाठी हवाईमधून सुमारे शंभर बेडूक आणले. त्यांनी भुंगेरे फारसे खाल्ले नाहीत, बाकी सारे खाल्ले, आणि आज तो बेडूकच त्या देशाची डोकेदुखी होऊन बसला आहे. उलट आपल्याच देशात १७९५ साली ब्राझीलहून रंगासाठी म्हणून किरमिजी किडा आणला. तो निघाला भलत्याच जातीचा, रंग काही मिळाला नाही, पण त्याने रानोमाळ माजलेल्या एका जातीच्या निवडुंगाचा फडशा पाडला! म्हणून आता परदेशी कीटक आणावयाचा तर तो आधी कोंडून, पारखून, इतर कशालाही तोंड लावत नाही याची खात्री करून मगच सोडतात. २०१० साली पपईवरील पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी पोर्तो रिकोहून आणलेला कीटक असाच तपासून सोडला गेला आणि काही महिन्यांत तामिळनाडूतल्या पपईच्या बागा सावरल्या. त्या कीटकाचे पोट भरण्यासाठी शेतकऱ्याला एक रुपयाही खर्चावा लागला नाही. ज्या वस्तूची दुसऱ्या वर्षी विक्री होत नाही तिची जाहिरात कोण करणार? जैविक उपाय मागे पडण्याचे खरे कारण शास्त्रात नाही; ते या साध्या हिशोबात आहे.

सरकारने मनावर घेतले तर हा हिशोब फिरवता येतो, याचा दाखला इंडोनेशियाने घालून दिला आहे. तिथे भातावर विष फवारण्यासाठी सरकार किमतीचा मोठा हिस्सा सोसत असे. फवारणी वाढली तसतसे तपकिरी तुडतुडे कमी होण्याऐवजी वाढत गेले, कारण तुडतुड्यांना खाणारे कोळी आणि इतर कीटक आधी मरत. १९८६ साली त्या देशाच्या अध्यक्षांनी एका फर्मानाने भातावरील ५७ कीटकनाशकांना बंदी केली, पुढील तीन वर्षांत अनुदान पूर्णपणे काढून घेतले आणि शेतकऱ्यांना शेताच्या बांधावर बसून कोळी मोजायला शिकवले. भाताचे पीक घटले नाही. विषाचा खप मात्र घटला.

आता आपल्या घराकडे वळू. कीटकांच्या राखणदारीला जागा लागते, आसरा लागतो, वर्षभर फुलणारे काहीतरी लागते. जिथे नुसते माडच माड ओळीने लावलेले आहेत आणि खाली जमीन झाडून काढल्यासारखी आहे तिथे हे कीटक टिकत नाहीत. केरळातील शास्त्रज्ञांना असे आढळले की मिश्र पिकांच्या बागेत निरनिराळ्या झाडांच्या वासांनी भुंगेही गोंधळतात आणि माडाला उपद्रव कमी होतो. त्यांनी या रचनेला भारदस्त नाव दिले आहे. फोंडा आणि सत्तरी महालांतील आमचे आजोबा-पणजोबा तिला कुळागर म्हणत. वर माड आणि पोफळ, पोफळीवर मिरवेल, मध्ये केळ आणि जायफळ, खाली अननस, सुरण, हळद, पाटाने खेळणारे झऱ्याचे पाणी आणि गळून पडलेल्या पानांचे खत. प्रत्येक मजल्यावर वेगळे पीक, प्रत्येक महिन्याला काही तरी उत्पन्न. सावई-वेरे, केरी, प्रियोळ या गावांतून फिरताना ही रचना ज्याने पाहिली आहे त्याला शाश्वत शेतीची व्याख्या पुस्तकात शोधावी लागत नाही. कुळागरात फवारणी होतच नाही असे आम्ही म्हणत नाही. कोळेरोगासाठी पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुन्याचे मिश्रण पोफळीवर मारावेच लागते. परंतु ते नेमके एका रोगासाठी, नेमक्या वेळी. खाजन शेतीचेही तेच. खारट पाण्यात तग धरणारा कोरगूट, पावसात भात, भात संपल्यावर मानशीतून आत घेतलेल्या पाण्यात मासळी, आणि दोन्हींमुळे किडीला मिळणारी खंडित वस्ती.

या दोन्ही रचना आज मोडकळीस येत आहेत, आणि त्या कशामुळे हे सांगण्यास कृषिशास्त्रज्ञ नको. कुळागरात काम करणारी माणसे मिळत नाहीत, माकडे आणि गवे उरलेसुरले नेतात, आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला डोंगर कापला गेला की पाट कोरडा पडतो. याच राज्यात २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून माड हे 'झाड' नव्हेच असे ठरवले गेले होते. लोक खवळले तेव्हा पुढे ते पुन्हा झाड झाले. माडाला झाड ठरवण्यासाठी ज्या प्रदेशात आंदोलन करावे लागते, तिथे माडाच्या राखणदाराविषयी आस्था जागवणे किती कठीण, याची आम्हांस कल्पना आहे.

मात्र सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याविषयी खात्याच्या पत्रकांत सहसा लिहिलेले नसते. विष हा एकट्याचा उपाय आहे. राखणदार हा गावाचा उपाय आहे. मी माझ्या भाटात फवारा मारला तर मला वाटते मी माझे काम केले. पण एन्कार्शियाला माझी आणि शेजाऱ्याची कुंपणे कळत नाहीत. एकाने फवारा मारला की चौघांचा राखणदार मरतो. एकाने कुजके माड आणि उघडे खतखड्डे ठेवले की तिथे वाढलेला भुंगा साऱ्या वाड्याच्या शेंड्यांवर बसतो. किनारी तालुक्यांत आज अशी कित्येक भाटे आहेत की ज्यांचे मालक मुंबईला, लंडनला किंवा कॅनडात आहेत. वीज पडून किंवा वयाने मेलेले माड तिथे उभे कुजत आहेत आणि जमिनीचे दहा वारसदार कोर्टात आहेत. या भाटांतला भुंगा वारसाहक्काचा दावा निकालात निघण्याची वाट पाहत नाही.

गावाचा उपाय गावाने करावा, ही कल्पना गोमंतकीयांना नवी नाही. खाजनाचा बांध फुटला तर एकाचे शेत बुडत नसे, सर्वांचे बुडे; म्हणून बांध राखण्याची जबाबदारी गावकरीची होती, मानशीची दारे कधी उघडायची हे एकट्या-दुकट्याच्या मर्जीवर नव्हते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला न्याय दिला आणि तो द्यायलाच हवा होता. पण जमीन वाटली गेली तशी बांधाची सामुदायिक जबाबदारी कोणाच्याच पदरात नीट पडली नाही, आणि आज अनेक खाजने खाऱ्या पाण्याखाली आहेत. तीच गत माडांची होऊ नये.

यासाठी काही गोष्टी तातडीने आणि एकदमच व्हायला हव्यात. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आणि दोन्ही कृषी विज्ञान केंद्रे यांच्यापाशी ज्ञान आहे. त्या ज्ञानाला गावापर्यंत पोचवणारी माणसे आणि पैसा कृषी खात्याने द्यावा. प्रत्येक तालुक्यात हिरवी बुरशी आणि राखणदार कीटक वाढवणारे निदान एक केंद्र असावे. ते महिला मंडळांकडे आणि शेतकी शिकणाऱ्या मुलांकडे सोपवता येईल, यंत्रसामग्री मोठी लागत नाही. विषावर आणि पंपावर जी सवलत मिळते ती काढून त्या पैशात पाडेलींना प्रशिक्षण, विमा आणि शिडीयंत्र द्यावे, कारण वर्षातून चार वेळा शेंडा साफ करणारा माणूस हाच माडाचा पहिला वैद्य होय. मालक गैरहजर असलेल्या भाटातील मेलेले माड तोडण्याचा आणि त्याचा खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार पंचायतींना द्यावा. यावर मालकीहक्काची ओरड होईल, ती होऊ द्यावी. शेजाऱ्याच्या घरावर वाकलेले झाड तोडण्यास आपण अधिकाऱ्याकडे धाव घेतोच की नाही?

बागायतदारांनीही एक गोष्ट लगोलग करावी. पांढरी माशी उन्हाळ्यात वाढते, त्या वेळी हात आवरावा, आणि पंधरा रुपयांचे एक भिंग घेऊन चार चुडते उलटून वाटोळी भोके मोजावीत. गेंड्या भुंग्याची वीण पावसाळ्यात जोर धरते. म्हणून खतखड्डे उपसणे, मेलेले बुंधे तोडून जाळणे किंवा चिरून टाकणे आणि लहान माडांच्या वरच्या तीन पानांच्या बेचक्यांत पाव किलो निंबोळी पेंडीची पूड तितक्याच बारीक रेतीत मिसळून भरणे, ही कामे मृगाच्या आधी उरकावीत. पाऊस पडला की खड्ड्यांत बुरशी सोडावी. ग्रामसभा वर्षातून चार भरतात आणि त्यांत गटार, पथदीप आणि परवाने यांवर तास-तासभर भांडणे होतात; पावसाच्या आधीच्या एका सभेत हा विषय घेऊन वाड्यावार खड्ड्यांची यादी करावी आणि एका ठरलेल्या आठवड्यात सबंध गावाने हे काम एकदम करावे. बुरशीचे पाकीट कोठे आणि कोणत्या तारखेला मिळेल, हे कृषी खात्याने त्या सभेच्या आधी जाहीर करावे, म्हणजे लोकांना पावसात हेलपाटे घालावे लागणार नाहीत.